होमलँड सिक्युरिटी शिकून पोरं नक्की करतात काय?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातला माझा लेख होता बागकामावर. त्यात सहज एक ओळ लिहून गेले, की न्यू जर्सीत एका काउंटीच्या इमर्जन्सी मॅनेजमेंट ऑफिसात मी 18 वर्षं काढली, म्हणजे हल्लीच्या भाषेत होमलँड सिक्युरिटीत. झालं! टोमॅटोवर एकाचंही पत्र नाही, सगळी ह्या एका ओळीवर. संपादक म्हणाले आता तुम्हीच निस्तरा. तर निवडक प्रश्न घेतलेत, काही पत्रं लांब होती ती कापलीत, नावं अर्थातच छापत नाही.

प्रश्न: मुलगी हायस्कूलच्या ज्युनियर इयरला, म्हणजे अकरावीला आहे. आम्ही दोघं आयटीत. तिला कॉम्प्युटर सायन्स नकोय, होमलँड सिक्युरिटीत मेजर करायचंय म्हणते. हे पोलिसात जाण्यासारखं आहे का? बंदूक बाळगावी लागते का? आमच्या सात पिढ्यांत कुणी खाकी घातली नाही हो. (एक आई, एडिसन, न्यू जर्सी)

ताई, आधी घोटभर पाणी प्या. मी 18 वर्षांत बंदुकीला हात लावला नाही, मला फार तर स्टेपलरनी इजा झालीये.

हा शब्द मुळात 11 सप्टेंबर 2001 नंतरचा, म्हणजे आधीही कुठे कुठे वापरात होता पण घराघरात पोचला तो तेव्हा. नोव्हेंबर 2002 मध्ये कायदा झाला आणि 1 मार्च 2003 पासून डिपार्टमेंट ऑफ होमलँड सिक्युरिटी, डीएचएस, सुरू झालं. सुरू झालं म्हणजे काय, आधीच्या 22 सरकारी खात्यांना आणि त्यांच्या तुकड्यांना उचलून एका छताखाली आणलं. आपल्या जुन्या वाड्यात कशी बिऱ्हाडं असायची, एक चौक, एक नळ आणि प्रत्येकाची चूल वेगळी, तसं. कोस्ट गार्डचं मूळ 1790 सालचं, सीक्रेट सर्व्हिस 1865 ची, आपत्तीत मदतीला येणारी फीमा 1979 ची, विमानतळावर 2025 पर्यंत तुमचे बूट काढायला लावणारी टीएसए 2001 ची, आणि सायबरवाली सिसा तर आत्ता 2018 ची. तुमच्या ग्रीन कार्डाची फाइल ज्यांच्याकडे होती ते यूएससीआयएसवालेसुद्धा ह्याच वाड्यातले. एफबीआय मात्र इथे नाही बरं का, ती जस्टिस डिपार्टमेंटची, आणि सीआयए अजूनच तिसरीकडे. हे मुद्दाम सांगते कारण निम्म्या पोरांच्या डोक्यात होमलँड सिक्युरिटी म्हणजे एफबीआय असं असतं, आणि तिसऱ्या सेमिस्टरला कळतं की आपण वेगळ्याच वाड्याचं दार वाजवतोय.

आता कॉलेजात शिकवतात काय. दहशतवादाचा इतिहास, राज्यघटना आणि सर्व्हेलन्सचे कायदे, इंटेलिजन्स ॲनालिसिस, सीमा आणि इमिग्रेशनची धोरणं, वीज-पाणी-हॉस्पिटलं-बंदरं ह्यांची सुरक्षा, सायबर पॉलिसी, रिस्क कशी मोजायची, आणि भरपूर म्हणजे भरपूर आपत्ती व्यवस्थापन. हे शेवटचं पोरांना सगळ्यात कंटाळवाणं वाटतं आणि नोकऱ्या निघतात त्या बऱ्याचशा तिथेच. आणि लिहिणं! मेमो, प्लॅन, रिपोर्ट, पुन्हा प्लॅन. तुमच्या लेकीला चार पानी गोष्ट एका पानात सांगता येत असेल तर ती तरली.

माझ्या कामाचा एक नमुना सांगते म्हणजे चित्र डोळ्यापुढे येईल. 29 ऑक्टोबर 2012, सँडी वादळाची रात्र. इमर्जन्सी ऑपरेशन्स सेंटर असं भारदस्त नाव, पण आमचं म्हणजे तळघरातली एक लांबट खोली, घोड्याच्या नालेसारखी मांडलेली टेबलं, प्रत्येक टेबलावर पाटी: फायर, पोलीस, हेल्थ, पब्लिक वर्क्स, वीज कंपनी. मी नकाशावाली. कुठला रस्ता बंद झाला की फोन यायचा, मी तो नकाशावर लाल करायचा आणि दर दोन तासांनी भिंतीवर नवी प्रिंट चिकटवायची. पहाटे तीनच्या सुमारास प्लॉटरची मजेंटा शाई संपली. लाल रंग गेला. मग काय, बंद रस्ते निळे केले, आणि नद्या तर आधीपासूनच निळ्या, तर एक फायर चीफ येऊन बराच वेळ नकाशाकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, आपल्या काउंटीत एवढ्या नद्या कधीपासून? हसून हसून पुरेवाट झाली, आणि दुसऱ्या मिनिटाला एका नर्सिंग होमचा फोन की जनरेटरचं डिझेल चार तासांचं उरलंय आणि ऑक्सिजनवरचे पेशंट आहेत. आता टँकर मोकळाय कुठे, कुठल्या रस्त्यानी जाईल, पुढे पडलेली झाडं हटवायला कोण जाईल, ही होमलँड सिक्युरिटी.

आणि हे सगळं होत असताना प्रत्येकानी आपण कधी काय केलं ते एका फॉर्मवर लिहायचं, त्याला आयसीएस-214 म्हणतात. पोरं ह्याला हसतात. पण आपत्ती अध्यक्षांनी जाहीर केली की 1988 च्या स्टॅफर्ड कायद्याखाली झालेल्या खर्चाचा साधारण 75 टक्के वाटा केंद्र सरकार देतं, आणि तो मागताना पुरावा म्हणून हेच कागद लागतात. आमच्याकडे एका माणसानी तीन दिवस फॉर्मच भरला नव्हता. पुढे दोन वर्षं त्याचा ओव्हरटाइम आम्ही आठवणीतून खणून काढत होतो. ही आयसीएस, म्हणजे इन्सिडंट कमांड सिस्टीम, आपत्तीत कुणी कुणाचं ऐकायचं ते ठरवणारी पद्धत, आली कुठून तर 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात वणवे लागले, ठिकठिकाणच्या फायर डिपार्टमेंटच्या गाड्या आल्या आणि एकाचा शब्द दुसऱ्याला कळेना, रेडिओ जुळेनात, हुकूम कुणाचा मानायचा ते ठरेना. त्यातून ती उभी राहिली, आणि आज गावातल्या शर्यतीपासून चक्रीवादळापर्यंत तीच वापरतात.

पैसे. हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत पण मनात आहेच ना. केंद्र सरकारात पगाराच्या पायऱ्या असतात, त्यांना जीएस म्हणतात. नुसत्या बॅचलर्सवर जीएस-5 ला घेतात, जीपीए 3.0 किंवा त्याच्या वर असेल तर जीएस-7 मिळू शकतं, मास्टर्स असेल तर जीएस-9. 2025 च्या तक्त्यात जीएस-7 ची सुरुवात 42,679 डॉलर होती, वर शहराप्रमाणे लोकॅलिटी पे. तुमच्या दोघांच्या आयटीच्या पगारापुढे हे किरकोळ वाटेल, वाटू दे, पण मग ट्यूशन पण त्या हिशेबात बसवा. त्यासाठी खासगी कॉलेजचं दोन लाख डॉलरचं कर्ज काढू नका म्हणजे नकाच. ऑल्बनीच्या स्टेट युनिव्हर्सिटीत ह्याच विषयाचं अख्खं कॉलेज आहे, व्हर्जिनिया कॉमनवेल्थमध्ये चांगली डिग्री आहे, नॉर्थ टेक्सासमध्ये तर इमर्जन्सी मॅनेजमेंटची बॅचलर्स 1983 पासून आहे, म्हणजे होमलँड हा शब्द फॅशनमध्ये यायच्या कितीतरी आधीपासून. पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढली तरी काही बिघडत नाही, क्रेडिट्स ट्रान्सफर होतील ना एवढं आधी लेखी विचारून घ्या.

माझं मत विचाराल तर डिग्रीच्या नावावर कुणी नोकरी देत नाही. आम्ही मुलाखती घ्यायचो तेव्हा होमलँड सिक्युरिटी शिकलेली दहा पोरं समोर यायची आणि सगळी सारखीच बोलायची. घेतली कुणाला, तर जिला जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करायचं तंत्र, येत होतं तिला, किंवा जो ग्रँटचा हिशेब ठेवू शकत होता त्याला. म्हणून मेजर तिला हवं ते घेऊ दे, पण जोडीला हातात एक काहीतरी ठोस पाहिजे: नकाशे, स्टॅटिस्टिक्स, अकाउंटिंग, पब्लिक हेल्थ, नेटवर्किंग, एखादी भाषा, काहीही. आणि ह्या उन्हाळ्यात तिला दोन गोष्टी करायला लावा. एक म्हणजे फीमाचे ऑनलाइन कोर्स, आयएस-100, 200, 700 आणि 800, फुकट आहेत, घरबसल्या होतात. दुसरं म्हणजे सर्टचं ट्रेनिंग, कम्युनिटी इमर्जन्सी रिस्पॉन्स टीम, जे लॉस एंजेलिसच्या फायर डिपार्टमेंटनी 1985 मध्ये सुरू केलं आणि आता देशभर चालतं. आग विझवायची, जखमींची वर्गवारी करायची, मलब्याखालचा माणूस लाकडाचे ठोकळे रचून कसा काढायचा. ते करून आल्यावर डोळे चमकत असतील तर मुलीला अडवू नका.

प्रश्न: मावशी, मी पुण्यात कॉम्प्युटरचं बीई केलंय, दोन वर्षं जॉब करतोय. यूएसला जाऊन होमलँड सिक्युरिटीत एमएस करायचा विचार आहे. कन्सल्टंट म्हणतो ह्यात कॉम्पिटिशन कमी आणि गव्हर्नमेंट जॉब मिळतो. बाबा फ्लॅटवर लोन काढायला तयार आहेत. करू का? (एक इंजिनियर, वय 24)

नको रे बाबा.

कन्सल्टंटचं अर्धं वाक्य खरंय, कॉम्पिटिशन कमी आहे, कारण तुझ्यासाठी तिथे शर्यतच नाहीये. अमेरिकेच्या केंद्र सरकारातल्या नेहमीच्या नोकऱ्या फक्त सिटिझनना, ह्याचा अध्यक्षांचा हुकूमच आहे 1976 सालचा, नंबर 11935. तुरळक अपवाद असतात, त्यांच्या भरवशावर घर गहाण टाकायचं नसतं. बरं, सरकारी कॉन्ट्रॅक्ट घेणाऱ्या खासगी कंपन्या? त्यांना बऱ्याच कामाला सिक्युरिटी क्लिअरन्स (गुप्त माहिती हाताळायची सरकारी परवानगी) लागतो आणि तो पुन्हा सिटिझनलाच. एफ-1 म्हणजे स्टुडंट व्हिसावर शिकून तुला 12 महिने ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची परवानगी, मिळेल, पुढचे 24 महिने मिळायला तुझ्या डिग्रीचा सीआयपी कोड (विषयाचा सरकारी नंबर) स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनियरिंग-गणिताच्या, यादीत असावा लागतो, आणि पॉलिसी-मॅनेजमेंट थाटाच्या डिग्र्या त्या यादीत असतीलच असं अजिबात धरून चालू नकोस. ॲडमिशनच्या आधी कॉलेजला एका ओळीचा ईमेल टाक, आय-20 वर (व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) कुठला सीआयपी कोड छापणार? उत्तरात कोडचा आकडा न येता फक्त गोड गोड परिच्छेद आला तर समजून जा.

तुला खरंच हा विषय आवडतो का अमेरिका आवडते, हे आधी स्वतःला विचार (दोन्ही आवडलं तरी गुन्हा नाही). अमेरिकाच हवी असेल तर सायबर सिक्युरिटी, कॉम्प्युटर सायन्स, जीआयएस असल्या डिग्रीला जा आणि त्यात ह्या विषयाचे इलेक्टिव्ह घे. इथे क्रिटिकल इन्फ्रास्ट्रक्चरची 16 क्षेत्रं मानतात, बँका, वीज, हॉस्पिटलं, टेलिकॉम वगैरे, आणि त्यातला मोठा भाग खासगी मालकीचा आहे, त्यांना बिझनेस कंटिन्युइटी (संकटातही काम चालू ठेवायची तयारी) आणि सायबरवाली माणसं लागतातच. आणि देशाच्या सुरक्षेचीच ओढ असेल तर तुझ्या गावात विद्यापीठात डिफेन्स अँड स्ट्रॅटेजिक स्टडीजचा विभाग आहे, यूपीएससीची सीएपीएफ असिस्टंट कमांडंटची परीक्षा आहे, तिला वयाची अट 20 ते 25 आहे म्हणजे तुझ्याकडे वेळ थोडाच उरलाय. फ्लॅट बाबांच्या नावावरच राहू दे.

प्रश्न: मुलगा सेकंड इयरला आहे, इंटेलिजन्स ॲनालिस्ट व्हायचंय. तो आता सिटिझन आहे, ओसीआय कार्ड आहे. माझे आईवडील आणि भाऊ साताऱ्याला असतात, मी दर महिन्याला पैसे पाठवतो. शेतीच्या सातबाऱ्यावर मुलाचंही नाव लावून घेतलंय. ह्यामुळे त्याचा क्लिअरन्स अडकेल का? काही गोष्टी लिहिल्या नाहीत तर चालतं का? (एक बाबा, डॅलस)

शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी देते दादा. नाही चालत. आणि हे मुलासमोर बोललाही असाल तर ते शब्द परत घ्या.

क्लिअरन्सचा फॉर्म म्हणजे एसएफ-86. माझ्या ऑफिसात दोघांतिघांनी तो भरताना मी पाहिलंय, आपल्या लग्नाच्या याद्यासुद्धा त्यापुढे सोप्या. 10 वर्षांतला प्रत्येक पत्ता, कॉलेजच्या डॉर्मसकट, आणि अलीकडच्या पत्त्यांवर तुम्हाला ओळखणारा कोणीतरी माणूस. 7 वर्षांतले परदेश प्रवास, म्हणजे तुमच्या दर डिसेंबरच्या भारतवाऱ्या सगळ्या, तारखांसकट. आईवडील, भावंडं, सासूसासरे, कोण कुठल्या देशाचा नागरिक. आणि मग येतो तो परदेशी माणसांशी जवळच्या आणि सततच्या संबंधांचा भाग. इथे आपली मंडळी घाबरतात, की लग्नात भेटलेले चारशे नातेवाईक लिहायचे का? नाही हो. ज्यांच्याशी जिव्हाळा आहे, येणंजाणं-बोलणं चालू आहे, ते. साताऱ्याचा चुलतभाऊ, ज्याच्याशी तो रात्र रात्र गेम खेळतो, तो लिहायचा. मांडवात गाल ओढणाऱ्या आत्याबाई राहिल्या तरी चालेल.

सातबारा लिहायचा. परदेशातली मालमत्ता, त्यातला हिस्सा, हे स्पष्ट विचारतात. जमीन असणं हा गुन्हा नाही, पण पोराला माहितच नाही की आपलं नाव सातबाऱ्यावर आहे आणि चौकशीत ते बाहेर आलं, हे वाईट दिसतं. तेव्हा आजच त्याला बसवून सांगा, गट नंबर काय, किती गुंठे, साधारण किंमत काय. ओसीआय म्हणजे भारताचं नागरिकत्व नव्हे, भारत दुहेरी नागरिकत्व देतच नाही, नावात सिटिझन आहे म्हणून गोंधळ होतो. तरी जिथे विचारतील तिथे कार्ड आहे म्हणून सांगायचं, लपवायचं नाही.

निर्णय देताना एकूण 13 निकष बघतात. त्यात परदेशी प्रभाव हा एक आहेच, पण भारतात आजीआजोबा असणारी कितीतरी पोरं क्लिअरन्स घेऊन काम करतायत. आपल्याकडच्या मुलांचं अडतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच दोन ठिकाणी. एक पैसे, म्हणजे थकलेली क्रेडिट कार्डं, न भरलेला टॅक्स. दुसरं म्हणजे गांजा. हो दादा, तुमचा नाही हो, सगळ्यांचाच नाही. राज्यात कायदेशीर झाला म्हणून पोरं खुशाल ओढतात, पण केंद्राच्या कायद्यानी तो अजून बेकायदाच आहे आणि फॉर्मवर 7 वर्षांचं विचारतात. केलं असेल तर लिहायचं, आजपासून बंद करायचं. एकदा कॉलेजात केलं आणि सोडलं, हे सरकार समजून घेऊ शकतं. खोटं लिहिलं तर तो स्वतंत्र गुन्हा होतो आणि मग मूळची गोष्ट बाजूलाच राहते. सीबीपीच्या, म्हणजे कस्टम्स आणि सीमा सांभाळणाऱ्यांच्या, वर्दीतल्या नोकऱ्यांना तर 2010 च्या कायद्यानी पॉलीग्राफ, म्हणजे खोटं पकडायची चाचणी, सक्तीची आहे.

अजून एक, क्लिअरन्स आपण होऊन काढता येत नाही. आधी नोकरीची सशर्त ऑफर, मग ती एजन्सीच तुमची चौकशी सुरू करते, आणि ह्यात महिनेच्या महिने जातात. म्हणून शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज टाकायचे आणि मधल्या काळासाठी दुसरं काम बघून ठेवायचं. एक वही करा, पत्ते, तारखा, फोन नंबर आत्तापासून लिहीत जा. माझ्या ओळखीच्या एका मुलीचा फॉर्म अख्खा आठवडाभर अडला होता, का, तर 2016 च्या मे महिन्यात ती कुठे राहत होती तेच तिला आठवेना.

प्रश्न: फोनवर सारखी जाहिरात येते, 18 महिन्यांत होमलँड सिक्युरिटीची ऑनलाइन बॅचलर्स, नोकरीची खात्री. घ्यावी का? (एक वाचक)

खात्री देणाऱ्यापासून लांब राहा. ऑनलाइन वाईट नसतं, पेन स्टेटसारख्या मोठ्या विद्यापीठांच्याही ऑनलाइन डिग्र्या आहेत ह्याच विषयात. माझी एक युक्ती आहे, जवळच्या कम्युनिटी कॉलेजला फोन करा आणि विचारा, त्या कॉलेजचे क्रेडिट्स तुम्ही घ्याल का? नाही म्हणाले तर तुम्हीही नाही म्हणा.

प्रश्न: वय 41, सिटिझन आहे, क्यूएमध्ये (सॉफ्टवेअर टेस्टिंग) 15 वर्षं झाली आणि आता लेऑफ. लोकांच्या उपयोगी पडेल असं काहीतरी करायचंय. उशीर झाला का? (एक मैत्रीण, शार्लट)

केंद्राच्या लॉ एन्फोर्समेंटच्या बऱ्याचशा नोकऱ्यांना साधारण 37 च्या आत लागावं लागतं, कारण तिथे 57 ला सक्तीची निवृत्ती आणि पेन्शनला 20 वर्षं लागतात. बॉर्डर पेट्रोल थोडं पुढेपर्यंत घेतं. पण बाकी इमर्जन्सी मॅनेजमेंट, सायबर, ट्रेनिंग, ग्रँट्स, ह्याला वयाची अशी अट नाही. मी स्वतः पस्तिशीत शिरले. एच-4 वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या जोडीनी, आले होते, पोरं शाळेत जायला लागल्यावर कम्युनिटी कॉलेजात जीआयएसचं सर्टिफिकेट केलं आणि वर्क परमिट हातात येईपर्यंत नुसती वाट बघितली.

क्यूए म्हणजे काय गं, काय काय बिघडू शकतं ते आधी शोधायचं आणि लिहून ठेवायचं. प्लॅनिंगवालेही तेच करतात. तू चार वर्षांच्या डिग्रीच्या भानगडीत पडू नकोस. सर्ट कर, फीमाचे कोर्स कर, काउंटीच्या ऑफिसात व्हॉलंटियर म्हणून नाव दे, आणि बँका-हॉस्पिटलांकडे जायचं असेल तर बिझनेस कंटिन्युइटीचं सीबीसीपी बघ. सीबीसीपी म्हणजे त्या कामाचं सर्टिफिकेट. सरकारी बाजूला तसंच आयएईएमचं, म्हणजे इमर्जन्सी मॅनेजरांच्या संघटनेचं, सुरुवातीची पायरी एईएम. एकदा सरकारात शिरलीस की कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये होमलँड सिक्युरिटीची मास्टर्स आहे, निवड झालेल्या सरकारी लोकांना ट्यूशन लागत नाही, नोकरी सांभाळून करता येते.

फक्त एक धोक्याची सूचना. केंद्राची नोकरी म्हणजे पूर्वीसारखा दगडावरचा शिलालेख राहिलेला नाही. 2018-19 च्या शटडाउनमध्ये (बजेट मंजूर न झाल्यानी सरकारी कारभार थांबतो तो) टीएसएच्या लोकांनी 35 दिवस बिनपगारी काम केलं, 2025 चा शटडाउन तर 43 दिवस चालला, आणि त्याच वर्षी जानेवारीत भरतीच गोठवली होती, काही खाती वगळून. पगार नंतर मिळतो, पण घरभाडं नंतर चालत नाही ना. म्हणून मी सगळ्यांना आधी राज्य, काउंटी, शहर, विद्यापीठं, हॉस्पिटलं बघायला सांगते.

प्रश्न: नातू म्हणतो डीएचएसमध्ये जाणार. मी रोज बातम्या बघतो. उद्या तो आपल्यासारख्याच लोकांना धरून विमानात बसवणार का? मला झोप येत नाही. (एक आजोबा, शिकागो)

आजोबा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. उगाच गोड बोलत नाही, त्या वाड्यात आइस आहे (इमिग्रेशनची धरपकड करणारं खातं), सीबीपी आहे, आणि धरणं, कोठडीत ठेवणं, परत पाठवणं हे त्यांचं काम आहे. कोणतंही सरकार असो ते काम असतंच, कमीजास्त आणि बऱ्यावाईट पद्धतीनी. तिथे नोकरी घेतली तर मला एवढंच जमेल आणि एवढं नाही असं म्हणायची सोय नसते.

पण माझ्या सिटिझनशिपच्या शपथेच्या दिवशी समोर उभा राहून शपथ देणारा अधिकारीही त्याच डीएचएसचा होता, आणि त्याचा ॲक्सेंट माझ्यापेक्षा जाड होता. पुरातून छपरावरची माणसं उचलणारं कोस्ट गार्ड तिथलंच. तेव्हा नातवाला डीएचएसमध्ये का जातोस असं विचारू नका, त्यातल्या कुठल्या दारात आणि कुठल्या हुद्द्यावर, असं विचारा. त्याला उत्तर देता आलं नाही तर त्याचंच अजून ठरलेलं नाहीये, आणि तुम्हाला झोपायला हरकत नाही. उत्तर आलं आणि ते तुम्हाला पटलं नाही, तर सांगा त्याला तोंडावर. मी माझ्या पुतण्याला सांगितलं होतं. तो गेलाच तिथे. गणपतीला येतो, आम्ही अजूनही वाद घालतो.

प्रश्न: मराठी, हिंदी येते ह्याचा ह्या क्षेत्रात काही फायदा? (एक विद्यार्थिनी, एडिसन)

हिंदी, उर्दू, गुजराती, पंजाबीचा होतो, अर्जात जरूर लिही, लिहिता-वाचता येतं का तेही लिही. मराठीला खास वेगळी मागणी असल्याचं मी तरी पाहिलं नाही. पण कागदावरची मागणी वेगळी आणि प्रत्यक्षातली वेगळी.

1 सप्टेंबर 2021 ची रात्र, आयडा वादळाचा उरलासुरला पाऊस न्यू जर्सीवर असा काही कोसळला की तळघरांत पाणी छातीपर्यंत. आम्ही एका शाळेच्या जिममध्ये शेल्टर उघडलं. खाटा होत्या, ब्लँकेटं होती, कुत्र्यामांजरांची सोय होती (2005 च्या कतरिनात लोक पाळीव प्राणी सोडून निघेनात, म्हणून 2006 मध्ये त्याचा वेगळा कायदाच झालाय). सकाळी डबे आले. सगळ्या डब्यांत टर्की सँडविच. कोपऱ्यात एक गुजराती बा आणि दोन मराठी आज्या, ओल्या साड्यांनी बसलेल्या, डबे मांडीवर तसेच बंद. कार्यकर्ते रिपोर्टमध्ये लिहून मोकळे, की तिघी जेवण नाकारतायत. मी जाऊन बसले, बोलले, आणि देवळाच्या स्वयंपाकघरात फोन लावला. तासाभरात खिचडीचं भलंमोठं पातेलं आलं आणि ते पहिल्यांदा संपवलं ते आमच्या फायरवाल्यांनी. त्या वर्षीच्या शेल्टर प्लॅनमध्ये पान 14 वर एक नवी ओळ आली, शाकाहारी जेवण, संपर्क, दोन फोन नंबर. ती मीच टाइप केली होती.